रॅलीत अजिंक्यपद कशामुळे मिळते : चालकाच्या वेगामुळे की गाडीच्या भरवशामुळे?

घाटवळण : रॅलीची चर्चा निघाली की आपण वेगाबद्दलच बोलतो, पण खडी, चिखल आणि बर्फ यांतून तीन-चार दिवस जाणाऱ्या या खेळात गाडी शेवटपर्यंत चालणे ही पहिली अट आहे, असे माझे मत आहे. जागतिक रॅली अजिंक्यपदाचा १९८२ चा हंगाम पाहा. ऑडी क्वाट्रोसारखी चारही चाकांना शक्ती देणारी गाडी मिशेल मूटॉन यांच्या हाती होती आणि त्यांनी पोर्तुगाल, ग्रीस व ब्राझील येथे विजय मिळवले. तरीही अजिंक्यपद मिळाले ते केवळ मागच्या चाकांवर चालणारी ओपेल अस्कोना ४०० चालवणाऱ्या वॉल्टर रोर्ल यांना. आयव्हरी कोस्टच्या रॅलीत मूटॉन मोठ्या आघाडीवर होत्या; गिअरबॉक्सच्या दुरुस्तीत ती आघाडी वितळली आणि पुढे अपघात होऊन त्या बाद झाल्या. १९९८ मध्ये कार्लोस साइन्झ यांना तर ब्रिटनमधील रॅलीच्या अखेरच्या टप्प्याची (म्हणजे वेळ मोजून पार करायच्या रस्त्याच्या तुकड्याची) शेवटची काही शे मीटर पार करायची होती, तेवढ्यात टोयोटाचे इंजिन गेले आणि दोन गुणांनी अजिंक्यपद हुकले. (सहचालक लुईस मोया यांनी संतापून हेल्मेटने गाडीची मागची काच फोडली, त्या क्षणी ‘वेग महत्त्वाचा’ हे त्यांना कोणी सांगून पाहायला हवे होते!)

चौथा गिअर : ही उदाहरणे लक्षात राहतात ती अपवादात्मक असल्यामुळे. गाडीच निर्णायक असती, तर एकाच संघाच्या दोन चालकांचे निकाल साधारण सारखे आले असते. २००८ मध्ये सेबास्तियन लोब यांनी सित्रोएन सी-४ मधून ११ रॅली जिंकल्या; त्याच संघात, तीच गाडी चालवणाऱ्या दानी सोर्दो यांना त्या वर्षी एकही जिंकता आली नाही. शिवाय आता बाद झालेली गाडी वेळेचा दंड घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवता येते आणि २०११ पासून अखेरच्या टप्प्यातील सर्वांत वेगवान चालकांना जादा गुण मिळतात. म्हणजे बिघाडाची किंमत नियमांनीच कमी केली आहे.

घाटवळण : नियमांचा मुद्दा मान्य, मात्र गेलेला विजय त्यांतून परत मिळत नाही. २०१९ मध्ये सार्डिनियात ओट तानाक २६.७ सेकंदांच्या आघाडीसह शेवटच्या टप्प्यात उतरले, पॉवर स्टिअरिंगने साथ सोडली आणि ते थेट पाचवे आले. जिंकले कोण, तर तुम्ही वर उल्लेखलेले सोर्दोच.

खडीचा रस्ता : दोघांच्याही मांडणीत एक गृहीतक लपले आहे : ‘गाडी बिघडली’ आणि ‘चालक चुकला’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत, असे. तानाक यांचेच २०१८ मधील वेल्सचे उदाहरण घ्या. आघाडीवर असताना गाडी जोरात आपटली, खालचे संरक्षक कवच तुटले आणि रेडिएटर निकामी झाला. कागदावर हा यांत्रिक बिघाड ठरतो, परंतु तो धक्का ज्या वेगामुळे बसला तो चालकानेच निवडलेला होता. उलट, १९९८ च्याच ब्रिटनमधील रॅलीत साइन्झ यांचे प्रतिस्पर्धी टॉमी मॅकिनेन आधी गेलेल्या एका जुन्या गाडीतून सांडलेल्या तेलावरून घसरले आणि चाक गमावून बसले. ही नोंद गाडीच्या खाती घालायची की चालकाच्या? रॅलीतील चालक केवळ वेग निर्माण करत नाही. गाडीची सहनशक्ती कुठे आणि किती खर्चायची हेही प्रत्येक वळणावर तोच ठरवतो.

चौथा गिअर : तेल सांडणे कोणाच्याच हाती नव्हते, ते सोडून देऊ. पण सहनशक्ती ‘खर्चण्याचा’ निर्णय चालकाचा असेल, तर टिकाऊपणाचा बराचसा वाटा माझ्याच पारड्यात पडतो.

घाटवळण : पडेल, पण साइन्झ यांचे इंजिन वगळून. चौथा क्रमांकही त्यांना पुरेसा होता. वेगाची गरजच उरली नव्हती.