‘कव्वाना’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ज्यू प्रार्थनेबद्दल मराठीत वाचताना ‘कव्वाना’ या हिब्रू शब्दासाठी कुठे ‘एकाग्रता’, कुठे ‘भक्तिभाव’, तर कुठे थेट ‘प्रार्थनेची शक्ती’ असं दिसतं. नेमकं काय घ्यावं?

उत्तर : तिन्ही अपुरे पडतात. आजच्या हिब्रूत दिशेला ‘किवून’ म्हणतात, तो याच धातूतला. कव्वाना म्हणजे मनाचा रोख. मिश्ना या प्राचीन ज्यू धर्मनियमांच्या संग्रहातल्या ‘बेराखोत’ प्रकरणात (5:1) म्हटलंय की पूर्वीचे धर्मनिष्ठ लोक प्रार्थनेआधी तासभर थांबत, ते अंतःकरण स्वर्गातल्या पित्याकडे वळवण्यासाठी. 12व्या शतकातले ज्यू धर्मशास्त्रकार मैमोनिदीस याची कृतीच सांगतात : मनातले बाकीचे विचार काढून टाका आणि आपण शेखिनेसमोर, म्हणजे देवाच्या सान्निध्यात, उभे आहोत असं समजा. ‘एकाग्रते’त यातला पहिला अर्धा भाग येतो. गणित सोडवणाराही एकाग्र असतो, पण तो कोणासमोर उभा नसतो.

शंका : रोज तीन वेळा तेच ठरलेले शब्द म्हणायचे, तर हा रोख टिकतो कसा?

उत्तर : शरीराची मदत घेऊन. आमिदा ही मुख्य प्रार्थना उभ्यानंच होते. तीन पावलं पुढे यायचं, पाय जुळवायचे, तोंड यरुशलेमकडे. ओठ हलले पाहिजेत, पण आवाज आपल्या कानापुरताच. हा प्रघात बायबलमधल्या हन्नेच्या प्रार्थनेवरून आला (1 शमुवेल 1:13). आमिदाचं दुसरं नाव ‘शमोने एस्रे’, म्हणजे अठरा. प्रत्यक्षात एरवीच्या दिवशी तिच्यात बेराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीची आशीर्वचनं, 19 असतात आणि शब्बाथला (शनिवारच्या विश्रामदिनी) 7. बेराखा म्हणताना वाकायचं चारदाच : पहिल्या बेराखेच्या सुरुवातीला व शेवटी, आणि ‘मोदीम’ या आभाराच्या बेराखेच्या सुरुवातीला व शेवटी. संपल्यावर तीन पावलं मागे.

मन भरकटतं हे शास्त्रकारांनी गृहीतच धरलंय. 16व्या शतकातला ‘शुल्हान आरूख’ हा ज्यू आचारनियमांचा ग्रंथ सांगतो की सगळीकडे जमलं नाही तरी निदान पहिल्या बेराखेत कव्वाना हवी, नाहीतर आमिदा पुन्हा म्हणावी. त्यावर त्याच काळातले धर्मपंडित मोशे इस्सर्लीस यांची टीप आहे : हल्ली पुन्हा म्हणू नये, कारण दुसऱ्यांदाही मन लागेलच असं नाही. मला ही टीप फार मोलाची वाटते. ‘शमा’च्या, म्हणजे देव एकच आहे हे सांगणाऱ्या प्रार्थनेच्या, पहिल्या ओळीला मात्र अशी सवलत नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजानं पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ओळ ती हीच.

पुरवणी : बेराखा ऐकल्यावर म्हणायच्या ‘आमेन’लाही हेच लागू. तालमूद या मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात चुकीच्या आमेनना नावंच आहेत. ‘यतोमा’, म्हणजे अनाथ : बेराखा न ऐकताच म्हटलेलं. ‘हतुफा’, हिसकावलेलं : बेराखा पुरी होण्याआधी किंवा पहिला स्वर गिळून म्हटलेलं. ‘कतुफा’, तोडलेलं : शेवटचा ‘न’ खाल्लेला. घाईनं म्हणणाऱ्याकडून बहुतेक शेवटच्या दोन चुका होतात.

प्रश्न : आणि ‘शक्ती’ हा शब्द? प्रार्थनेनं देवाचा निवाडा टळतो असं तर मानतात ना?

उत्तर : मानतात, पण मर्यादा घालून. रोश हशाना (नववर्ष) आणि योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस) यांच्या ‘उनतने तोकेफ’ या प्रार्थनाकाव्यात तेशुवा (पश्चात्ताप करून परतणं), तेफिल्ला (प्रार्थना) आणि त्सेदाका (दानधर्म) ही तीन मिळून निवाड्याची कठोरता दूर करतात असं म्हटलंय. एकट्या प्रार्थनेवर भिस्त नाही. शिवाय ‘तेफिल्लात शाव’, म्हणजे व्यर्थ प्रार्थना, अशी संज्ञाच आहे (बेराखोत 9:3). बाहेरून येताना गावात आक्रोश ऐकू आला आणि माणूस म्हणाला, ‘हा माझ्या घरातला नसो’, तर ती व्यर्थ. जे घडायचं ते घडून गेलंय. म्हणून ‘कव्वाना’साठी ‘शक्ती’ लिहिलं की वाचक मंत्रसामर्थ्याकडे वळतो, आणि ते चुकीचं आहे.

सूचना : ‘अनुसंधान’ चालेल का? आपल्याकडे नामस्मरणाच्या संदर्भात तो रुळलेला आहे.

उत्तर : प्रार्थनेपुरता सुंदर बसतो, रोखही त्यात आहे. अडचण इतर विधींत येते. मिश्नात (‘रोश हशाना’ प्रकरण, 3:7) उदाहरण आहे : सिनेगॉगमागून (ज्यू प्रार्थनास्थळामागून) जाणाऱ्याच्या कानी शोफार, म्हणजे शिंगाचा नाद, पडला. त्यानं मन तिकडे लावलं असेल तर त्याचं कर्तव्य पुरं झालं, नसेल तर नाही, नाद दोघांनी सारखाच ऐकला तरी. इथे ‘अनुसंधान’ जड होतं, ‘भक्तिभाव’ तर चुकतोच. ‘कर्तव्याचा हेतू’ नेमका बसतो. तेव्हा लिहिताना मूळ शब्द ठेवून पहिल्या वेळी फोड द्यावी : प्रार्थनेत ‘अनुसंधान’, विधीत ‘हेतू’.