सोसायटीसाठी कचरा ओळखणारं मशीन घ्यावं का?

सचिव_वारजे
नमस्कार मंडळी. आमची ६८ फ्लॅटची सोसायटी, यंदा सचिवपद माझ्या गळ्यात. गेल्या रविवारी एक विक्रेता फ्रिजएवढं मशीन घेऊन आला. वर झडप, आत कॅमेरा, खाली चार कप्पे. त्याने रिकामी बाटली टाकली, प्लॅस्टिकच्या कप्प्यात गेली. कॅन धातूत, केळ्याचं साल ओल्यात. कमिटीतली पोरं तिथंच भाळली: आता ओला-सुका वेगळा करा म्हणून कुणाच्या मागे लागायला नको! किंमत सेकंडहँड गाडीएवढी. मला काहीतरी खटकतंय, पण काय विचारावं ते सुचत नाही.

तुषार_टेक
घेऊन टाका काका. एआय आहे, शिकत जातं.

राईनकाठचा_सातारकर
काका, घाई नको. मी जर्मनीत कचरा वर्गीकरणाच्या प्लांटवर मेंटेनन्सला आहे, यंदा नववं वर्ष. आमच्याकडे पट्ट्यावरून कचरा पळतो, वरून प्रखर दिव्यांचा उजेड. त्यातले डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पेट (PET, पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक) वेगळे परतवतं, पॉलिप्रॉपिलीन (डब्यांचं प्लॅस्टिक) वेगळे. त्यावरून मशीन ओळखतं आणि पट्ट्याच्या टोकाला हवेचा झोत नेमका तेवढा तुकडा पलीकडे उडवतो. लोखंड चुंबक उचलतं. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, म्हणून त्याला फिरत्या चुंबकांच्या ड्रमवरून नेतात. तिथं डबे अक्षरशः उड्या मारतात.

पण हे सगळं कधी? सुका कचरा सुट्टा पसरलेला असेल तेव्हा. इथं ओल्याचा तपकिरी डबा वेगळा, कागदाचा वेगळा. पाण्याच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत, त्यामुळे लोक त्या दुकानात परत देतात. एवढं असूनही पट्ट्याच्या शेवटी माणसं उभी असतातच. मशीन फक्त वरची बाजू बघतं. अर्धी भरलेली बाटली ओळखू आली तरी जड म्हणून झोताने उडत नाही, अलीकडेच पडते. आणि पार्सलचे काळे डबे! रंगातली काजळी किरणच गिळून टाकते, मशीनला तिथं काही दिसतच नाही. तुमच्या मशीनमध्ये साधा कॅमेरा असेल तर काळा रंग त्याला दिसेल, पण प्लॅस्टिक कुठलं ते कळणं अवघड. मोबाईलच्या बॅटरीची तर मला धास्तीच वाटते. चेपली की पेट घेते. आमच्या ढिगाला दोनदा लागलीय.

विक्रेत्याला एवढंच सांगा, तुझी बाटली नको. आमच्या कुठल्याही घरची गाठ मारलेली पिशवी टाकून दाखव.

वेचकांची_लेक
आई ‘स्वच्छ’मध्ये आहे, पुण्यातली कचरावेचकांची सहकारी संस्था, २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. काका, तुमच्याकडे कचऱ्याला येणाऱ्या ताईंना कुणी विचारलं का? पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या विकून त्यांच्या घराला हातभार लागतो. मशीनमधला माल कुणाचा, ते आधी ठरवा. आणि डायपर, पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायला सांगा. मशीनला कळो न कळो, हात घालणाऱ्या बाईला कळेल.

सचिव_वारजे
मंडळी, आभार. आज विक्रेत्याला पुन्हा बोलावलं आणि माझ्याच घरची पिशवी टाकायला लावली (बायको अजून बोलत नाहीये). मशीनने पूर्ण पिशवी ‘इतर’ कप्प्यात ढकलली. सोडून एकेक टाका म्हणाला. पहिलाच चहाचा चोथा, कॅमेऱ्याच्या काचेवर. पुढचं सगळं ‘इतर’.

आमच्याकडे कचऱ्याला येणाऱ्या रेखाताई शेजारीच उभ्या होत्या. तीच पिशवी त्यांनी खाली पालथी केली आणि बोलता बोलता पाच ढीग लावले. मग दुधाच्या पिशवीचा नखाएवढा कापलेला कोपरा चिमटीत धरून म्हणाल्या, “दादा, हा असा तोडू नका, नुसती चीर द्या. हा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही.” पंचवीस वर्षं मीच तोडतोय तो!

मशीन नाही घेत. सातारकर, त्या काळ्या डब्यांचं करायचं काय पण? ताई म्हणतात, भंगारवाला तोंड वाकडं करतो.

राईनकाठचा_सातारकर
हॉटेलवाल्याला सांगा, स्टीलचा डबा पाठवतो. मी साताऱ्याला आलो की तेच करतो. एक-दोघे हसतात, पण भरून देतात.