सर्व्हर मोठा करण्याआधी

वेबसाइट हळू चालतेय म्हणून सर्व्हर मोठा करा, असा सल्ला कुणी दिला तरी सर्व्हरचा सीपीयू (प्रोसेसर) जेमतेम वापरात असेल तर त्याने फक्त बिल वाढेल. आधी ब्राउझरमध्ये एफ12 दाबून नेटवर्क टॅब बघा. सर्व्हरच्या उत्तराचा पहिला बाइट यायलाच वेळ लागत असेल तर घोळ बहुधा सर्व्हरकडे. तिथे माझा पहिला संशय नेहमी डेटाबेसवर. 100 ओळींच्या यादीसाठी एकामागून एक 101 क्वेरी (डेटाबेसकडे माहितीची मागणी; एक यादीची, बाकी प्रत्येक ओळीची एकेक) जात असतील आणि डेटाबेस दुसऱ्या रीजनमध्ये (क्लाउड कंपनीच्या दूरच्या डेटा सेंटरमध्ये) असेल, तर फेरीला 50 मिलिसेकंद धरले तरी पाच सेकंद नुसत्या येण्याजाण्यात जातात. डेव्हलपरच्या स्वतःच्या मशीनवर डेटाबेस तिथेच असेल तर हे जाणवतच नाही, म्हणून तो म्हणतो, ‘माझ्याकडे तर पळतंय!’ साइट सकाळी ठीक चालून दुपारी ढेपाळत असेल, तर बर्स्टेबल मशीनचे (साठवलेल्या क्रेडिटवर काही वेळच जोरात पळणाऱ्या क्लाउड सर्व्हरचे) सीपीयू क्रेडिट संपतायत का तेही बघा.