अभियंत्याने संदर्भपुस्तक लिहायला घेताना: तक्ते, ताळा, सूची आणि करार

प्रश्न:
मेकॅनिकल डिझाइनमधून पूर्णवेळ लेखनाकडे वळायचा विचार आहे. वर्कशॉप आणि ड्रॉइंग ऑफिस, दोन्हीकडे चालेल असं साधारण ४०० पानांचं संदर्भपुस्तक डोक्यात आहे: आटे, फिट्स-टॉलरन्स (भाग एकमेकांत किती घट्ट-सैल बसतात आणि मापात किती फरक चालतो), वजनं, मटेरियलचे गुणधर्म. सुरुवात कुठून करावी? तक्ते चुकू नयेत म्हणून जाणकार काय करतात? आणि नोकरी कधी सोडावी?

उत्तर १:
आधी वाचक एकच ठरवा. मशीनपाशी उभा असलेला माणूस आणि डिझाइनला बसलेला माणूस एकच तक्ता वेगवेगळ्या कारणासाठी उघडतात. पहिल्याला एम १० च्या (१० मिमी व्यासाच्या आट्याच्या) टॅपसाठी, म्हणजे भोकात आटे पाडायच्या हत्यारासाठी, ड्रिल किती एवढंच हवं असतं, दुसऱ्याला कोअर डायमीटर (आट्याच्या तळाचा व्यास) आणि स्ट्रेस एरिया (भार पेलणारं क्षेत्रफळ). दोघांना एकाच तक्त्यात कोंबलं की बारा कॉलम होतात आणि ओळ चुकते. दोन वेगळे तक्ते द्या, पानं वाढली तरी चालतील.

तक्ता वर्ड फाइलमध्ये कधीही टाइप करू नका. सगळे आकडे स्प्रेडशीटमध्ये ठेवा आणि प्रत्येक आकड्यासमोर तीन रकाने ठेवा: कुठून घेतला (मानकाचा क्रमांक आणि साल), कोणत्या सूत्राने पडताळला, कोणी तपासला. पाच वर्षांनी मानक बदललं की कुठले आकडे हलवायचे हे याच रकान्यांवरून कळतं.

अट लिहिल्याशिवाय आकडा देऊ नका. ‘एम १० ला ८.५ ड्रिल’ हे १.५ पिचला (लगतच्या दोन आट्यांतलं अंतर, मिमीत) बरोबर आहे. १.२५ च्या फाइन पिचला ८.८ लागतं. पिचचा रकाना गाळलेला तक्ता अर्धवट आहे.

उत्तर २:
वरच्याशी सहमत. चुका नेमक्या कुठे शिरतात ते लिहितो, कारण पुस्तकावरचा विश्वास इथेच जातो.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे मापांच्या गटाची सीमा. आयएसओ २८६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एच७ या भोकांच्या टॉलरन्स-वर्गाचं टॉलरन्स १८ ते ३० मिमी गटात २१ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) आणि ३० ते ५० गटात २५ मायक्रॉन आहे. मग नेमकं ३० मिमीचं भोक कुठल्या गटात? मानकात ‘१८ च्या वर, ३० धरून’ असं स्पष्ट आहे, म्हणजे २१. पण जागा वाचवायला नुसतं ‘१८–३०, ३०–५०’ छापलं की वाचक अंदाज करतो. शीर्षकात ‘च्या वर’ आणि ‘पर्यंत (धरून)’ असे दोन रकाने ठेवा.

दुसरी जागा घातांक. पोलादाचा यंग मापांक (ताठरपणाचं माप) दोन गुणिले दहाचा पाचवा घात मेगापास्कल असा लिहिला आणि जुळणीत (छपाईसाठी पान मांडताना) घात खाली उतरला, की छापून येतं २ × १०५. प्रूफ वाचणाऱ्याला त्यात काहीच खटकत नाही. सरळ २०० गिगापास्कल लिहा.

तिसरी, आकडे उलटणं. यावर नजरेचा भरवसा धरू नका, लगतच्या आकड्यांतले फरक काढा. गोल पोलादी सळईचं दर मीटर वजन घ्या: १२ मिमी ०.८८८, १४ ला १.२०८, १६ ला १.५७८, १८ ला १.९९८, २० ला २.४६६ किलो. फरक येतात ०.३२०, ०.३७०, ०.४२०, ०.४६८, म्हणजे संथ चढत जातात. आता १.५७८ चं चुकून १.७५८ झालं, तर फरक ०.३२०, ०.५५०, ०.२४०, ०.४६८ असे उड्या मारतात आणि चूक लगेच सापडते. सूत्रावर चालणाऱ्या प्रत्येक तक्त्याला ही कसोटी लावा, आणि लावायची ती जुळणी झालेल्या प्रुफावरचे आकडे परत टाइप करून. मूळ फाइल बरोबर असून उपयोग नाही, वाचकाच्या हातात छापील पान जातं.

ज्या तक्त्यांना सूत्र नाही (मटेरियलचे गुणधर्म वगैरे), तिथे दोन माणसं लागतात: एकाने मूळातून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर टिक करायची. एका बैठकीला ओळीने वाचा, दुसऱ्या बैठकीला रकान्याने.

रिकामा चौकोनही धोक्याचा. शून्य, ‘लागू नाही’ आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ या तिन्हींना वेगळी खूण द्या.

उत्तर ३:
नोकरीबद्दल: नमुन्याचं एक प्रकरण सूचीसकट पूर्ण करा आणि दोन-तीन कामकऱ्यांकडे महिनाभर वापरायला द्या. त्याला लागलेला वेळ उरलेल्या प्रकरणांना लावून पाहा, मग ठरवा. पूर्णवेळ बसायची गरज लेखनापेक्षा ताळ्याच्या टप्प्यावर जास्त असते.

या वाटेने गेलेल्यांत जॉन ट्राउटवाइन यांचं उदाहरण मोलाचं आहे. पनामाच्या रेल्वेमार्गावर काम केलेले हे अमेरिकन अभियंता. त्यांचं सिव्हिल अभियंत्यांसाठीचं खिशातलं पुस्तक १८७२ मध्ये आलं, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. अवघड गणित त्यांनी मुद्दाम टाळलं, कारण साइटवरच्या माणसाला निकाल हवा असतो, सिद्धता नव्हे. त्यांच्या पश्चात मुलाने आणि नातवाने आवृत्त्या चालू ठेवल्या. संदर्भपुस्तक हाती घेणं म्हणजे अशी दीर्घ जबाबदारी पत्करणं.

उत्तर ४:
दोन गोष्टी राहिल्या.

सूची: ४०० पानांना किमान २० पानं राखून ठेवा आणि वाचक ज्या शब्दाने शोधेल त्या प्रत्येक शब्दाखाली नोंद करा. आटे, थ्रेड, स्क्रू, टॅप ड्रिल, चारही ठिकाणी थेट पान क्रमांक. ‘आटे पाहा’ असं लिहून माणसाला दुसऱ्या पानावर पिटाळू नका. सूची पानं पक्की झाल्यावरच करायची, नाहीतर एक चित्र सरकलं की पुढचे सगळे क्रमांक चुकतात.

करार: मानकातले तक्ते जसेच्या तसे छापायला मानकसंस्थेची लेखी परवानगी लागते, तिचं शुल्क कोण भरणार ते आधी लिहून घ्या. सूचीचा खर्च कोणाचा, तेही. आणि पुनर्मुद्रणाच्या वेळी दुरुस्त्या बिनशर्त घेतल्या जातील, हे कलम असल्याशिवाय सही करू नका. पहिल्या छपाईत चुका निघणारच. शुद्धिपत्राला तारीख आणि छपाईचा क्रमांक टाका, म्हणजे आपल्या प्रतीला कुठल्या दुरुस्त्या लागू आहेत ते वाचकाला कळेल.