मोडी छंद म्हणून शिकताना ऑनलाइन गटांवर कितपत विसंबावे?

लिपीवेडा (प्रश्न)

नमस्कार. लिप्या शिकणे हा माझा जुना छंद आहे. नोकरीनिमित्त बंगळुरूला आल्यावर दुकानांच्या पाट्या वाचता वाचता कन्नड लिपी आली आणि त्याच ओघात तमिळ व गुजरातीही कामापुरत्या शिकून झाल्या. मोडीचा विचार मात्र बरीच वर्षे नुसता मनातच राहिला होता, आणि आपल्याच लिपीविषयी आपण अडाणी आहोत ही बोचही होती. आता मुळाक्षरे आणि बाराखडी तक्त्यावरून घोटून झाली आहेत. संगणकावर मोडी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर मी अडखळत का होईना वाचतो, पण खऱ्या कागदाचे छायाचित्र समोर आले की तिसऱ्या-चौथ्या शब्दाशी गाडी थांबते, कारण शब्द कुठे संपला हेच कळत नाही.

इथे वर्ग नसल्यामुळे मी फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरच्या काही मोडी गटांत दाखल झालो. एका गटात कोणीतरी छायाचित्र टाकून ‘कृपया वाचून द्यावे’ असे लिहितो, एखादे जाणकार गृहस्थ पाच मिनिटांत सबंध कागद बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून देतात, आणि ते त्यांनी कसे वाचले हे माझ्यासारख्याला कळतच नाही. दुसऱ्या गटात हेमाडपंताने मोडी लंकेहून आणली की नाही, यावरच पुनःपुन्हा वाद होतात. अशा गटांतून खरोखर शिकता येते का, आणि येत असेल तर कसे? शिवाय सुरुवात कोणत्या काळातल्या कागदांपासून करावी, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.

दौतलेखणी

आपण जिथे अडला आहात तिथे बहुतेक सगळेच अडतात, कारण अक्षरओळख हा मोडीचा सोपा भाग आहे. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर शिरोरेघा आखून घेई आणि मग लेखणी शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरे अडकवीत जाई. त्यामुळे दोन शब्दांत अंतर राहत नाही, विरामचिन्हे नसतात, आणि ‘र’सारखे अक्षर शेजारच्या अक्षरात मिसळून निरनिराळी रूपे घेते. वेलांटी एकच आणि उकारही एकच, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा आधारही मिळत नाही. अशा वेळी डोळा अक्षरे टिपतो खरा, पण शब्द तोडण्याचे काम कानालाच करावे लागते, आणि कानावर तो मजकूर पूर्वी पडलेला नसेल तर तो करणार तरी काय?

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, मोडी कागदांचा निम्मा अभ्यास बाळबोधीत करावा. राजवाड्यांनी छापलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड किंवा सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग यांपैकी जे हाताशी येईल, त्याची रोज दोन-चार पाने मोठ्याने वाचावीत. यांतले पुष्कळ खंड इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत. ‘राजश्री अमुक गोसावी यांसी’, ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य’, ‘विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे, विशेष’, ‘बहुत काय लिहिणे’ हे मायने एकदा तोंडात बसले, की पत्राच्या पहिल्या चार ओळी आणि शेवट जवळजवळ न पाहता वाचता येतो. मग त्याच ओळींतून त्या कारकुनाचे वळण समजून घ्यावे. त्याचा ‘ज’ कसा आहे, ‘ल’ कसा आहे, तो काना कुठून वर नेतो, हे ओळखीच्या मजकुरात पक्के करून मगच अनोळखी मजकुराला हात घालावा.

दुसरी गोष्ट तारखांची. पेशवाईतल्या कागदावर बहुधा सुहूर सन असतो आणि तो अरबी संख्यानामांत, एकंपासून हजाराकडे असा उलटा लिहिलेला असतो. समजा कागदावर ‘छ १० जिल्काद, सन इहिदे सबैन मया व अलफ’ असे आहे. इहिदे म्हणजे एक, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, म्हणून सन झाला ११७१. यात ५९९ मिळवले की इसवी १७७० येते. मात्र सुहूर सन मृगाच्या सुमारास बदलतो, त्यामुळे महिना जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असल्यास ६०० मिळवावे लागतात. त्या वर्षी जिल्काद हा हिजरी महिना फेब्रुवारी-मार्चमध्ये पडत असल्याने हा कागद १७७१ चा, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतला ठरतो. ‘छ’ हा चंद्राची तारीख दाखवणारा संक्षेप आहे. ही संख्यानामे एकदा पाठ केली की बहुतेक कागदांवर निदान एक ओळ तरी आपली हुकमी होते.

आता गटांविषयी. माझ्या मते गटातून शिकता येते, पण कागद वाचून मागणाऱ्याला नव्हे, तर स्वतःचे वाचन तपासून घेणाऱ्याला. छायाचित्रासोबत आपण लावलेले वाचन ओळीगणिक क्रमांक घालून द्यावे, शंका असलेले अक्षर कंसात प्रश्नचिन्हासह लिहावे, अजिबात न लागलेल्या जागी टिंबे द्यावीत, आणि कागद कोणत्या गावचा, कोणाच्या घरातला, कशासंबंधी असावा हे सांगावे. असे केले की जाणकाराला सबंध कागद उतरवावा लागत नाही, तो तिसऱ्या ओळीतला ‘(?)’ पाहून ‘इथे मौजे आहे’ एवढेच लिहितो, आणि तो शब्द आपण पुन्हा कधी विसरत नाही. नुसते छायाचित्र टाकणाऱ्यांना तयार वाचन मिळते, हे खरे. पण अशा लोकांना वर्षानुवर्षे गटात राहूनही मोडी येत नाही, हेही मी पाहिले आहे.

छायाचित्र काढताना फ्लॅश टाळावा आणि दिवसाच्या उजेडात कागदाच्या बरोबर वरून घ्यावे. व्हॉट्सॲपवर ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, नाहीतर आकार लहान होऊन बारीक फाटे पुसट होतात. कागदाची मागची बाजू आणि कागदांच्या जोडावरचे शिक्के यांचीही छायाचित्रे द्यावीत, कारण पुष्कळदा तारीख किंवा मोर्तब तिथेच सापडते.

काळाबाबत म्हणाल तर मी आंग्लकालीन कागदांपासून सुरुवात करायला सांगेन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली खरेदीखते आणि गहाणखते यांची भाषा आपल्या आजच्या भाषेला जवळची असते, तारखा इसवी सनात असतात, आणि असे कागद घरोघरी सापडतात.

बोरूचा टाक

वरील प्रतिसादातल्या बहुतेक सगळ्या गोष्टी पटल्या, शेवटचा परिच्छेद मात्र मुळीच पटला नाही. आंग्लकालीन मोडी भाषेने सोपी असेल, पण हस्ताक्षराने ती नवशिक्याची परीक्षा पाहणारी आहे. बोरू (वेताची लेखणी) जाऊन टाक (धातूच्या निबाची लेखणी) आल्यावर अक्षराचा जाड-बारीकपणा गेला, लिहिणारे वाढले, घाई वाढली, आणि ज्याला जसे येईल तसे तो लिहू लागला. याउलट पेशवे दप्तरातला कारकून हा लेखनावरच पोट असलेला माणूस होता. त्याची ओळ सरळ, अक्षर टपोरे आणि वळण सबंध कागदभर एकसारखे असते. चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी वळणांना नावे पडली, ती उगाच नव्हे. सवय एका नेटक्या वळणाची लागली की गबाळे वळण पुढे आपोआप लागते, पण सुरुवातच गबाळ्यापासून केली तर माणूस वैतागून सोडून देतो. फारसी शब्दांची भीती असेल, तर मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीत बहुतेक शब्द मिळतात आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तिच्यात शोधही घेता येतो.

आणखी एक सांगावेसे वाटते. बोरू विकत मिळाला नाही तर तिरक्या टोकाचे कॅलिग्राफी पेन घ्यावे, पण लिहावे. मोडी ज्याच्या हाताला येते त्याच्या डोळ्याला लवकर येते, कारण कोणता फाटा कोणत्या अक्षरातून निघाला हे लिहिल्याशिवाय उमगत नाही. फॉन्टवर फार वेळ घालवू नये. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला जागा मिळाली आणि गूगलच्या नोटो मालिकेतला मोडी फॉन्टही उपलब्ध आहे, त्यामुळे हौस म्हणून मोडीत संदेश टंकता येतात (समोरच्याच्या फोनवर बहुधा चौकोनच उमटतात, ही गंमत वेगळी). परंतु फॉन्टमधले अक्षर सुटे, ठरावीक आणि शहाणे असते, तर कागदावरचे अक्षर शेजाऱ्याच्या गळ्यात हात टाकून बसलेले असते.

निवृत्त अभिलेखपाल

अनेक वर्षे तालुक्याच्या अभिलेख कक्षात काम केले असल्यामुळे दोन शब्द लिहितो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली आणि त्याचबरोबर या गटांचे स्वरूपही पालटले. पूर्वी तिथे इतिहासाचे हौशी असत. आता गाव नमुना १४ ची किंवा कोतवाल बुकाची (जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) पाने टाकून ‘आमच्या पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे’ असे विचारणारे असंख्य लोक येतात. त्यांची गरज खरी आहे आणि त्यांना मदत केलीच पाहिजे. पण अशा ठिकाणी हौशी वाचकाने अक्षर स्पष्ट नसताना अंदाजाने उत्तर देऊ नये, कारण त्या एका शब्दावर कोणाचा तरी दाखला अवलंबून असतो. सरकारी कामासाठी अधिकृत लिप्यंतरच लागते, हे त्यांना आरंभीच सांगितलेले बरे.

आपल्या घरातले कागद टाकतानाही तारतम्य बाळगावे. वाटणीपत्र, गहाणखत किंवा वतनाचा कागद असेल आणि त्या मिळकतीवर भाऊबंदकी चालू असेल, तर तो हजार अनोळखी माणसांच्या गटात टाकणे शहाणपणाचे नाही. सरावासाठी लागतील तितके निर्धोक कागद छापील ग्रंथांतल्या छायाचित्रांत मिळतात. वर्ग हवाच असेल, तर महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्यातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग होत असतात, त्यांची चौकशी करावी. आपण दक्षिणेत आहात, तर कधी तंजावरला जाऊन सरस्वती महाल ग्रंथालयही पाहावे. भोसल्यांच्या तिथल्या दरबाराचे मोडी कागद आहेत, आणि तंजावरची मराठी वाचताना आपल्याकडच्या सवयी पुरत नाहीत, हा अनुभव घेण्यासारखा आहे.

लिपीवेडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काळाविषयीच्या मतभेदात पडण्याइतका माझा अधिकार नाही, म्हणून दोन्हींकडचा एकेक कागद घेऊन बसलो आहे. दौतलेखणी यांनी सांगितल्याप्रमाणे माझे वाचन लावून एक शंका विचारतो. कागद धान्याच्या हिशेबाचा आहे.

ओळ ४: जोंधळे खंडी १।
ओळ ५: दर मणास रु. ॥ प्रमाणे
ओळ ६: .... (येकूण?) रु. १२॥।

आकड्यांपुढचे उभे दंड म्हणजे नेमके काय? ओळ ४ मधला दंड आणि ओळ ६ मधले दंड एकाच अर्थाचे आहेत का?

दौतलेखणी

अशी शंका विचारली की उत्तर द्यायलाही उत्साह येतो. एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. मात्र पाव कशाचा, हे आधीच्या परिमाणावरून ठरते. खंडीपुढचा एक दंड म्हणजे पाव खंडी. वीस मणांची खंडी धरली तर ती पाच मण होते, म्हणून ओळ ४ मध्ये एकूण पंचवीस मण जोंधळे आहेत. रुपयापुढे तोच दंड चार आणे दाखवतो, आणि सुटे आणे असल्यास त्यांच्यासाठी पुढे आडव्या रेघा येतात. म्हणजे ‘१२॥।=’ असे असते, तर ते बारा रुपये चौदा आणे झाले असते.

आता आपल्याच ओळी एकमेकींशी ताडून पाहा. पंचवीस मण, दर मणास अर्धा रुपया, म्हणजे साडेबारा रुपये व्हायला हवेत. आपण मात्र पावणेतेरा वाचले आहेत. हिशेब लिहिणारा चुकलाच नसेल असे नाही, पण हिशेबी कागदात कारकुनापेक्षा आपल्या डोळ्यावर आधी संशय घ्यावा. ओळ ६ मधला तिसरा दंड शाईचा आहे की कागदाच्या घडीची रेघ आहे, हे मूळ छायाचित्र मोठे करून पाहावे. घडी असेल तर ती वरच्या आणि खालच्या ओळींतूनही गेलेली दिसेल. खाली एकंदर बेरीज असल्यास तिच्यातून बाकीच्या रकमा वजा करून पाहाव्यात, म्हणजे या ओळीच्या वाट्याला बारा रुपये आठ आणे येतात की बारा रुपये बारा आणे, हे कळेल. ‘येकूण’ हे वाचन बरोबर आहे, त्यापुढचे प्रश्नचिन्ह काढून टाकायला हरकत नाही.