मदत हवी आहे: ‘हिंदू’ पुढे वाचू की सोडू?

भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) ही कादंबरी तिसऱ्यांदा हातात घेतलीय आणि पुन्हा १५० पानांच्या आसपास अडकलेय. मोहेंजोदडोच्या उत्खननाचा भाग फार आवडला होता. पण नायक खंडेराव त्याच्या गावाकडे, मोरगावकडे निघाल्यावर माणसं आणि आठवणींची इतकी गर्दी होते की धागाच सुटतो. रोज २० पानं ठरवून पाहिली, नावांची वही केली, महिनाभर बाजूलाही ठेवली. नेमाड्यांचीच ‘कोसला’ दोनदा वाचलीय, तेव्हा अडचण भाषेची नाही. पुस्तक ग्रंथालयाचं आहे, १० दिवसांत परत करायचंय, मुदत वाढणार नाही.

पूर्ण वाचलेल्यांनी कृपया सांगा, पुढे कथनाची रीत बदलते का? तशीच असेल तर सोडून देईन. आणि अर्धवट सोडून काही वर्षांनी पुन्हा उचललेल्या कुणाला ती तेव्हा भिडली का?