पुणे ते मालवण किनाऱ्याने: कॅम्परव्हॅन + हॉस्टेल, सल्ला हवा आहे

ऋतुगंध
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी मी आणि माझी आतेबहीण, दोघीच, किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत जायचं म्हणतोय. गाडी दोघींनाही चालवता येते. कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यायची, एक रात्र गाडीत, एक रात्र हॉस्टेलात, जमेल तिथे आपणच रांधायचं. आठ दिवस, बजेट दोघींचं मिळून तीस हजार, सगळं धरून. एका भाडेवाल्याने दिवसाला साडेसहा हजार सांगितले, डिझेल आपलं, डिपॉझिट वेगळं. गणित बसत नाही हे दिसतंय, म्हणूनच विचारतेय. रात्री गाडी लावायला सुरक्षित जागा कुठे? कोकणात डॉर्मवाली हॉस्टेलं आहेत का? जंगलजेटीवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर, एवढी मोठी गाडी घेतात का? रिसॉर्टचे सल्ले कृपया नकोत.

सह्यकडा
भाड्यात पैसे घालवू नका, स्वतःची करा. मी जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घेऊन आतून बांधून घेतली. मागे आडवा पलंग, त्याखाली पाण्याच्या टाक्या, दाराशी छोटा ओटा, छतावर सोलर. आठ लाखांच्या आसपास गेले, पण आता वाटेल तेव्हा निघतो. सीट काढून पलंग बसवला की आरटीओकडून नोंद करून घ्यावीच लागते, मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. माझ्या आरसीवर तशी नोंद आहे. वरंध घाटातून उतरा, ताम्हिणीत गर्दी फार.

लालपरी
तीस हजारांच्या प्रश्नाला आठ लाखांचं उत्तर! अहो, त्या दोघी आठ दिवस जाणार आहेत.
ऋतुगंध, सरळ एसटीने जा. स्वारगेटहून दापोली, गुहागर, सगळीकडे गाड्या आहेत. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पासही मिळतो, पण तुम्हाला अर्धं तिकीट असल्याने रोज थोडंथोडं अंतर जाणार असाल तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतील, हिशोब करून बघा. जेटीवर माणसाचं तिकीट किरकोळ असतं. पाठीवर सॅक, हातात काही नाही. कोकण असंच बघावं.

खाडीकाठ
मी दापोली तालुक्यातली, नोकरीमुळे पुण्यात. जेटीबद्दल सांगते. तुमच्या वाटेवर तीन येतील: बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. गाड्या घेतात, बससुद्धा चढते. ओहोटीला मात्र फळी खूप तिरकी होते आणि लांब गाडीचं बूड मागच्या बाजूला घासतं. तिथली पोरं हात करून सांगतात तसंच चढवा, घाई करू नका.
जेटीपेक्षा गावातले रस्ते बघा. केळशी, आंजर्ले, मुरूड इथे दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. समोरून टेम्पो आला की कुणाला तरी पार मागच्या वळणापर्यंत रिव्हर्स जावं लागतं. ट्रॅव्हलर तिथे नेऊ नका. मारुती ईकोएवढी छोटी व्हॅन असेल तर काहीच अडचण नाही.

सह्यकडा
ट्रॅव्हलर आंजर्ल्यात नेलेली आहे मी. चालवणाऱ्याचा हात पाहिजे.

खाडीकाठ
नेली असेल दादा, पण त्या वेळी कुणाच्या गडग्याचे चिरे पडले ते गावाला माहीत असतं.

पमाकाकू
ऋतू, बाळा, दोघीच मुली रात्री गाडीत झोपणार हे माझ्या मनाला पटत नाही. कोकणातली माणसं चांगली आहेत, भीती त्यांची नाही, पण पुण्या-मुंबईची पिऊन आलेली टोळकी किनाऱ्यावर असतात. आम्ही हरिहरेश्वरला एका घरी उतरलो होतो. मागे पोफळी, पुढे सारवलेलं अंगण, सकाळी केळीच्या पानावर घावणे. तसं घर बघ. गणपतीपुळ्याला भक्तनिवास आहे, पावसलाही आहे, स्वच्छ आणि खिशाला परवडणारं.

वाळूकिनारा
भाड्याच्या कॅम्परव्हॅनचा माझा अनुभव लिहितो, कारण अजून संताप जात नाही. फोटोत फ्रीज, पंखा, गॅस, सगळं. ताब्यात घेतली तर नंबर प्लेट पांढरी! म्हणजे खासगी गाडी, ती भाड्याने देताच येत नाही. अपघात झाला असता तर विमा कंपनीने हात वर केले असते. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात, ड्रायव्हरसह मिळते तिला पिवळ्या पाटीवर काळे. पहिल्यांदा पाटी बघा, मग पलंग बघा. आरसी, विमा, फिटनेस, तिन्ही मागा. ताब्यात घेताना चारही बाजूंनी आणि टपावरून व्हिडिओ काढा, मालकाला उभं करून. माझं डिपॉझिट टपावरच्या एका जुन्या ओरखड्यासाठी कापलं गेलं.
आणि पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घालू नका.

गोकर्णवारी
मालवण कशाला? हॉस्टेलच हवं तर गोव्यात जा. हणजुणे, वागातोर, हरमल, गल्लोगल्ली डॉर्म आहेत. पुढे गोकर्णाला कुडले किनारा. मी तिथल्या हॉस्टेलात जे मित्र जोडले ते आजतागायत टिकून आहेत. कोकणात हे वातावरण नाही.

ऋतुगंध
सगळ्यांचे आभार. वाळूकिनारा, पाटीचं माहीत नव्हतं. लगेच फोन केला, पाटी कोणती विचारल्यावर समोरचा गडबडला. ती गाडी बाद.
गोकर्णवारी, गोवा या वेळी नको. दापोली-गुहागर पट्ट्यात खरंच हॉस्टेल नाही का?

खाडीकाठ
शोधून एखादं निघेल, पण हॉस्टेलांची रांग अशी नाही. तारकर्ली-मालवणकडे थोडी आहेत. आमच्याकडे घरगुती राहण्याची सोय हेच हॉस्टेल समजा. जेवणासकट माणशी दर ठरवायचा, मासे-जेवणाचा वेगळा. आधी फोन करून सांगायचं, नाहीतर चूल पेटलेली नसते. आणि हेच सगळ्यात कामाचं: ज्या घरी जेवाल त्यांच्याच अंगणात गाडी लावायची परवानगी मागा. नळ, संडास, माणसांची सोबत मिळते आणि काकूंची काळजीही मिटते. फक्त माडाखाली लावू नका. एक नारळ काच फोडायला पुरेसा असतो.

पमाकाकू
अंगणात लावणार असशील तर माझी ना नाही. माडाखाली मात्र नको गं.

कोथरूडकर
वरंध घाट सुचवलाय तो मला पटला नाही. अरुंद, पावसाळ्यात तर बंदच ठेवतात. नव्या हाताने मोठी गाडी ताम्हिणीनेच न्यावी. मुळशी, निवे, माणगाव, सरळ रस्ता.

सह्यकडा
जानेवारीत कुठला पावसाळा? वरंधमधून शिवथरघळ जवळ पडते.

कोथरूडकर
शिवथरघळीला कोण चाललंय? त्यांना श्रीवर्धन गाठायचंय!

तारेवरची
विजेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, माझं कामच ते आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॅट-तास. २५ वॅटचा पंखा, दोन दिवे आणि फोन यांवर रात्र आरामात निघते. एसी त्यावर दोन तासही चालणार नाही, त्यामुळे ‘एसी कॅम्परव्हॅन’ म्हणून जास्त पैसे देऊ नका. रात्री शोअर पॉवर, म्हणजे बाहेरून वीज मिळणार आहे का ते विचारा.
जिवावरची गोष्ट आता. इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून, एसी लावून झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर वास येत नाही, झोपेतच माणूस जातो. शेगडीही दार उघडं ठेवून, शक्यतो बाहेरच पेटवा आणि गाडी निघण्याआधी टाकीचा रेग्युलेटर बंद. खिडक्यांना आतून डासांची जाळी वेल्क्रोने लावा म्हणजे काच खाली ठेवता येते.

समुद्रशेवाळ
पुळणीवर गाडी घालू नका. वर लिहिलंय, तरी परत लिहितो. कर्द्याला डोळ्यांदेखत एक एसयूव्ही गेली. ओहोटीची ओली वाळू सिमेंटसारखी कडक दिसते, मध्येच एक चाक बसतं, मालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि चाक आणखी खोल जातं. जेसीबी येईपर्यंत भरती बॉनेटला लागली होती.
वेळासला कासवं बघायची असतील तर जानेवारीत पिल्लं मिळणार नाहीत. ती साधारण फेब्रुवारीनंतर.

खाडीकाठ
भरतीचं गणित आमच्याकडे लहान पोरांनाही येतं. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. शुक्ल-कृष्ण दोन्ही पक्षांना लागू. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं. जेटीवर लांब गाडी चढवायची वेळ यावरूनच ठरवा.

लालपरी
एवढी गणितं करण्यापेक्षा एसटी. तीस हजारांतले वीस उरतील, उरलेल्यात पुन्हा जाऊन याल.

ऋतुगंध
आमचं ठरलं. तुमच्यापैकी बहुतेकांना पटणार नाही, तरी सांगते.
गाडी घेतोय. लालपरी, तुमचा हिशोब मी कागदावर मांडला, एसटी निम्म्याहूनही स्वस्त आहे. पण बहिणीला पुढेमागे स्वतःची ईको बांधून घ्यायची आहे. त्याआधी गाडीत राहणं आपल्याला झेपतं का, हे तिला बघायचंय. ते एसटीत कळणार नाही.
म्हणून आठ दिवसांचे पाच केले आणि मालवण सोडलं. काळ्या पाटीची, दोन माणसं झोपतील अशी ईको मिळाली, दिवसाला साडेतीन हजार. पाच दिवसांचे साडेसतरा, इंधन आणि घाट-जेट्या धरून आठ, उरलेल्या साडेचारात जेवण आणि अंगणाचं भाडं. चारही रात्री गाडीतच. हॉस्टेल नाही, भक्तनिवास नाही. ताम्हिणीने श्रीवर्धन, बागमांडल्याहून पलीकडे, केळशी, आंजर्ले, दाभोळहून गुहागर, वेळणेश्वर. परत येताना चिपळूणवरून कुंभार्ली घाट. २६ जानेवारीची जोडसुट्टी टाळून मंगळवार ते शनिवार.

गोकर्णवारी
मालवण सोडून गुहागर? सिंधुदुर्ग किल्ला बघायचा राहिला ना!

सह्यकडा
ईकोत दोन माणसं आणि शेगडी म्हणजे कोंबाकोंबी. पावसाळ्यानंतर माझी गाडी बघायला या, मग ठरवा.

पमाकाकू
चारही रात्री गाडीत! एक तरी रात्र घरात झोपा गं. रोज संध्याकाळी फोन करत जा घरी.

खाडीकाठ
मला तरी बेत आवडला. हर्णेला संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव होतो, तो वेळ मोकळा ठेवा. तिथून मासे घेतलेत तर आंजर्ल्याला ज्यांच्या अंगणात लावाल त्या वहिनी करून देतील, मसाल्याचे आणि गॅसचे पैसे देऊन टाकायचे. एक घर माझ्या ओळखीचं आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. त्यांच्याकडे माड मागच्या बाजूला आहेत, पुढचं अंगण मोकळं आहे. घरी परतलात की गाडी परत देण्याआधी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, खारटपणा राहिला तर डिपॉझिटवर डोळा ठेवणाऱ्याला निमित्त नको.

ऋतुगंध
खाडीकाठ, व्यनि मिळाला. वहिनींशी आत्ताच बोलले, बुधवारची रात्र पक्की केली. त्या विचारत होत्या बांगडा चालेल ना, की सुरमईच पाहिजे. बांगडा सांगितलाय.